समासातली ओळ

या अंकात दरवर्षी ज्यांचे अनुभव छापून येतात, ती माणसं तीस-तीस वर्षं एका खुर्चीवर बसलेली असतात. त्यांच्या पंगतीत मी पान मांडून बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. माझं काम दोन वर्षांचं, अर्ध्या दिवसाचं, आणि त्याला धड नावही नव्हतं. त्यातून विषय असा, की ज्यावर लिहायचा अधिकार माझ्यापेक्षा जास्त कितीतरी लोकांना आहे. मी ख्रिस्ती नाही, ग्रीक मला येत नाही, आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. संपादकांना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "विद्वानाचा लेख नको आहे, कामाचा हवा आहे." कामाबद्दल सांगता येईल असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

नागपूरला धरमपेठेत थोरातबाई नावाच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी टपालाने एक अभ्यासक्रम सुरू केला होता : नव्या कराराची तोंडओळख. ख्रिस्ती धर्माचे अगदी सुरुवातीचे ग्रंथ कोणी लिहिले, कुठल्या भाषेत, त्या वेळी राज्य कोणाचं होतं, लोक खात काय होते, पत्रं पाठवत कशी होते, असा सगळा इतिहास. प्रवचन नाही. एकूण बारा धडे. प्रत्येक धड्याच्या शेवटी पाच प्रश्न. विद्यार्थी उत्तरं लिहून टपालाने पाठवत, बाई तपासून गुण देत आणि पुढचा धडा रवाना होई. विद्यार्थी साठएक होते, आणि त्यांत कोणीही असे. वय नाही, धर्म नाही, शिक्षणाची अट नाही.

बाईंची नजर मधोमध जात चालली होती. म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, पण त्याचे कान दिसत. अक्षर तर दिसतच नसे. आमच्या कॉलेजच्या फलकावर त्यांनी कागद लावला होता : वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा हवा. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वर्तमानपत्राचं एक पान वाचायला लावलं. मी न अडखळता वाचलं आणि मनात खूश झालो. बाई म्हणाल्या, "चांगलं वाचतोस. पण जिथे तुला स्वतःला कळलं नाही, तिथेही थांबला नाहीस. कुठे शिकलास असं?"

"घरीच," मी म्हटलं.

ते खरं होतं. आमचं गाव खापा. कन्हानच्या काठाला थोडी शेती, वांगी आणि कोबी. चौथीत असल्यापासून आमच्या गल्लीत काहीही कागद आला की मला हाक येई. तलाठ्याची नोटीस, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका. मी वाचायचो, सगळे माना डोलवायचे. कळलं की नाही हे कोणी विचारत नसे, मलाही नाही.

घरी काम सांगितलं तेव्हा आईला काळजी पडली. "काहून वं माय, हा किरिस्तावाचं पुस्तक वाचून राहिला आता?" ती माझ्या मावशीला म्हणाली. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "वाचू दे. औषधाचा कागद वाचून हा काय डॉक्टर झाला होता?"

कामाची सवय हळूहळू लागली. सकाळी कॉलेज, दुपारी दोनला बाईंकडे, रविवारी खापा. तीन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर. स्वयंपाकाला यशोदाकाकू येत. त्या अंबाझरीकडच्या वस्तीतून सायकलवर यायच्या आणि मला पाहिल्याबरोबर म्हणायच्या, "आले लेखनिकसाहेब. ठेवतो गा चहा, वहीवर सांडू नोको." आधी टपाल उघडायचं. मग एकेक उत्तर मोठ्याने वाचायचं. बाई डोळे मिटून ऐकत आणि "पुढे" म्हणत. त्यांचं हे "पुढे" तीन-चार तऱ्हांचं असे. एकात शाबासकी, एकात कंटाळा. मग त्या गुण सांगत, शेरा सांगत, मी लाल शाईने लिहीत असे. कागद आणि पाकिटं संपली की मी इतवारीतून ठोक आणायचो. हातगाड्यांच्या गर्दीतून सायकलच्या कॅरियरवर कागदाचे गठ्ठे सांभाळत आणणं, हा त्या विद्येतला मला पूर्ण जमलेला भाग.

बाकीचं जमायला वेळ लागला. एकदा त्यांनी विचारलं, "या सगळ्यातलं सर्वांत आधी लिहिलेलं कोणतं असेल?" मी सांगितलं, मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे मत्तयाने सांगितलेलं येशूचं चरित्र, कारण पुस्तकात ते पहिलं आहे.

"पहिलं म्हणजे आधीचं? लग्नाच्या अल्बममध्ये पहिला फोटो कोणाचा असतो रे?"

"गणपतीचा."

"तो काय वऱ्हाडाच्या आधी येऊन उभा राहिला होता?"

त्या दिवशी मला कळलं, की पौल या धर्मप्रचारकाची पत्रं शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. एखादं पुस्तक कुठल्या क्रमाने बांधलं आणि कुठल्या क्रमाने लिहिलं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला एकविसाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. बाई कुठलाही मजकूर हाती घेतला की चार प्रश्न विचारत : कोणी लिहिलं, कोणाला, कुठून, कशासाठी? मला इतकी सवय लागली, की वीजकंपनीच्या बिलालाही मी हेच विचारू लागलो.

विद्यार्थी एकेक नमुनेदार होते. सावनेरकडचे बोंदरेकाका म्हणून एक निवृत्त तलाठी होते. रोमन राज्यातल्या जकातदारांना लोक वाईट का म्हणत, दहा ओळींत लिहा, असा प्रश्न होता. काकांनी सहा पानं लिहिली, आणि ती सगळी जकातदारांच्या बाजूने. वरून हुकूम येतो, खालून शिव्या येतात, मधल्या माणसाने काय करावं, असं त्यांचं म्हणणं. बाई हसून हसून थकल्या. "आठ दे. आणि लिही : वकीलपत्र घेतल्याबद्दल दोन गुण कापले आहेत." भंडाऱ्याच्या एक नर्सबाई ड्यूटीवर बसून उत्तरं लिहीत. चार शुभवर्तमानांत एकच हकिकत वेगवेगळी का, यावर त्यांनी लिहिलं होतं, की वॉर्डात एका पेशंटबद्दल चार नातेवाईक चार गोष्टी सांगतात आणि चौघांतलं कोणीही खोटं बोलत नसतं. बाईंनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. दहापैकी दहा. पुढे."

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. खरं तर त्यासाठीच हा लेख.

बाईंचे धडे जुन्या वह्यांत होते, नजर चांगली असताना त्यांनी हाताने लिहिलेले. ते संगणकावर टाइप करून नव्याने काढायचं ठरलं. वहीत शाईचा मजकूर, आणि दोन्ही बाजूंच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा. वर्षानुवर्षं शिकवताना सुचलेल्या. बाईंनी मला बजावलं होतं, "ज्या टिपेपुढे बाण आहे ती आत घ्यायची. बाण नाही ती माझी, तिला हात लावायचा नाही." आणि त्याच वेळी हेही सांगितलं होतं, की जुन्या काळी छापखाने नव्हते, हाताने नकला व्हायच्या, आणि कितीदा असं झालं, की कोणीतरी समासात लिहिलेली टीप पुढच्या नक्कलकाराने मूळ मजकूर समजून आत घेतली. मग शेकडो वर्षं लोक ती वाचत राहिले. मी हे टाइपही केलं होतं. सहाव्या धड्यात.

नववा धडा होता फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावर. नव्या करारातलं हे अगदी छोटं पत्र, पानभराचं. पौल कैदेत आहे. एका श्रीमंत माणसाच्या घरातून दूर झालेला गुलाम त्याला भेटला आहे. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो, की याला आता गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून घरात घे. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : "ज्याला परत घ्यायचं आहे त्याच्या येण्याची वाट पाहू नये. आपणच आधी लिहावं." त्यापुढे एक तिरपी रेघ होती. माझी परीक्षा जवळ आली होती, मी घाईत होतो. रेघेला बाण समजलो आणि वाक्य आत घेतलं. परिच्छेदाच्या शेवटी ते छान बसलं. धडा झेरॉक्स होऊन बुकपोस्टाने गेला.

परीक्षा झाल्यावर वही जागेवर ठेवताना मला ती रेघ पुन्हा दिसली. तो बाण नव्हता. पेन्सिल ओढत गेली तशी नुसती रेघ होती.

मी बाईंना सांगितलं नाही. वाटलं, एक वाक्य तर आहे, आणि वाईटही नाही. पण दोन आठवड्यांनी उत्तरं येऊ लागली आणि प्रत्येकात ते वाक्य. काहींनी त्याखाली रेघ मारलेली. मी मोठ्याने वाचताना ते वाक्य गाळू लागलो. वाक्यावर आलो की नजर खालच्या ओळीवर न्यायची आणि आवाज तसाच ठेवायचा. बाई म्हणत, "पुढे." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच करायचो. असे तीन आठवडे गेले.

मग एका दुपारी बोंदरेकाकांचा फोन आला. बाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. काका म्हणाले, "बाई, नवव्या धड्यात तुम्ही काय वाक्य लिहिलं हो! मी आमच्या साडूला वाचून दाखवलं." आणि त्यांनी ते वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं.

बाई म्हणाल्या, "हे माझ्या धड्यात नाही."

"आहे ना! पान चार. खालून तिसरी ओळ."

बाईंनी फोन ठेवला. मी समोर बसलो होतो. त्यांनी मान जरा तिरपी केली, कडेच्या नजरेने मला पाहायला त्या तसं करत. "उत्तरांत आलं असेल हे वाक्य. किती जणांच्या?"

"अकरा," मी म्हटलं.

"आणि तू अकरा वेळा गाळलंस."

मी हातातला लाल पेन बंद करून ठेवला.

"आत आलं ती नक्कलकाराची चूक. पूर्वीपासून चालत आलेली. गाळलंस, ते मात्र तुझं स्वतःचं. आज जा तू."

यशोदाकाकूंनी चहा आणला होता, तो तसाच राहिला. मी बसस्टँडवर जाऊन खाप्याची गाडी पकडली. घरी बाबा कोबीच्या पोत्यांना सुतळी बांधत होते. ऐन आठवड्यात मी कसा, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, दुसरं काम पाहू. त्यांनी सुतळी खाली ठेवली.

"तिले दिसत नाही, अन् तू गाळून राहिला?"

"चूक झाली बाबा."

"तिले तं नुसतं दिसत नाही. मले तं वाचताच येत नाही गा. माह्यापाशी काय काय गाळलं तू आजलोक?"

उत्तर दिलं असतं, तर आजोबांच्या दवाखान्याच्या रिपोर्टापासून सुरुवात करावी लागली असती. बाबांनी पुन्हा सुतळी उचलली. "उद्या सकाळच्या गाडीनं जाय," ते म्हणाले. "जेवढं गाळलं तेवढं वाचून दाखव तिले. मंग काढलं तं काढलं."

दुसऱ्या दिवशी दोनला मी बाईंच्या दारात उभा राहिलो. यशोदाकाकूंनी दार उघडलं. "या. कालपासून बाई जेवल्या नाही नीट. काय केलं गा तू?" मी आत जाऊन तपासलेल्या उत्तरांचा गठ्ठा काढला, त्यातली ती अकरा वेगळी केली, आणि न विचारता वाचायला लागलो. गाळलेलंच वाचलं. नर्सबाईंनी लिहिलं होतं, की हे वाक्य वाचून मी माझ्या मोठ्या जावेला फोन लावला, नऊ महिन्यांनी. एका मुलाने लिहिलं होतं, की वाक्य चांगलं आहे पण याला आधार काय, मूळ पत्रात तर असं कुठेच नाही. अकरावं वाचून झालं तरी बाई "पुढे" म्हणाल्या नाहीत.

"तो आधार विचारणारा मुलगा हुशार आहे," त्या म्हणाल्या. "आधार नाहीच. ते मी फिलेमोनासाठी लिहिलंच नव्हतं. ते स्वतःसाठी लिहिलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, प्रभाकर. बिलासपूरला रेल्वेत. काहीतरी घरगुती कारणाने दोघांचं बिनसलेलं होतं, आणि त्याच काळात वडील वारले. रागाच्या भरात बाईंनी भावाला वेळेवर कळवलं नाही. तो आला तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. अंगणातूनच परत गेला. पुढे काही वर्षांनी त्याची दोन पत्रं आली. बाईंनी उत्तर लिहिलं नाही. काय लिहावं ते कळेना, आणि जितका उशीर झाला तितकं कळेनासं होत गेलं. त्या काळात कधीतरी नववा धडा शिकवताना त्यांनी समासात ती ओळ लिहिली होती. तिलाही आता बारा-तेरा वर्षं झाली होती.

"साठ घरांत गेलं ते वाक्य," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून झालं. माझंच राहिलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग लिहा ना बाई. मी आहे लिहायला."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कपाटातून भावाची पत्रं काढायला लावली. पत्ता दुसऱ्या पत्रावर होता. मी कोरा कागद घेतला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रांचा शब्दन् शब्द सोडवणाऱ्या बाईंना चार ओळी सांगायला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दिवशी नुसतं "प्रिय प्रभाकर". दुसऱ्या दिवशी ते खोडून "बाळू". मी भीतभीत विचारलं, "कशासाठी लिहितो आहोत, ते कुठे घालायचं?" त्या म्हणाल्या, "ते लिहायला नको. माझं पत्र पाहिलं की कळेल त्याला." शेवटी पत्र झालं ते असं : बाबांच्या वेळी तुला कळवलं नाही, ती माझी चूक होती. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला आता दिसत नाही, म्हणून हे दुसऱ्याच्या हातचं आहे. ये.

मी वाचून दाखवलं. एकही शब्द न गाळता. बाई म्हणाल्या, "रोमच्या लोकांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी त्या लेखनिकाने स्वतःच्या नावाने नमस्कार घातला आहे, माहीत आहे ना? पौलाने सांगितला नव्हता. त्याने आपला घातला. तुला घालायचा असेल तर घाल." मी खाली लिहिलं : हे पत्र लिहून घेणारा निलेश आपल्याला नमस्कार सांगतो.

विद्यार्थ्यांनाही एक चिठ्ठी गेली. बाईंनी सांगितली तशीच मी लिहिली : "धडा नववा, पान चार, खालून तिसरी ओळ मूळची नाही, ती समासातून आत आली आहे. ज्यांना काढायची असेल त्यांनी काढावी. ज्यांना ठेवायची असेल त्यांनी समासात ठेवावी."

बिलासपूरहून उत्तर आलं नाही. रोज टपाल मीच उघडत होतो, त्यामुळे बाईंना विचारायची गरज पडत नसे. फक्त पाकिटं मोजून झाल्यावर मी "संपलं" म्हणायचो, आणि ते म्हणायला मला जड जायचं. वर्ष संपलं, माझं बी.ए. झालं. बाईंची उरलेली नजरही गेली, आणि शेवटचे विद्यार्थी बारावा धडा पूर्ण करून बाहेर पडल्यावर त्यांनी अभ्यासक्रम थांबवला. मी एम.ए.साठी अमरावतीला आलो. इथे सकाळी एका वाचनालयात काम करतो. पुस्तकं देण्या-घेण्याचं काम आहे, वाचून दाखवण्याचं नाही. दुपारी दोन वाजले की अजूनही माझा हात उगाच लाल पेनकडे जातो. त्या खोलीतली दुपार, बाईंचे मिटलेले डोळे, शेजारच्या खोलीत काकूंच्या पाट्यावरचा आवाज, आणि माझ्या तोंडून बोलणारी भंडाऱ्याची, सावनेरची, कुठली कुठली माणसं. तसं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. खाप्याला गेलो की आता मी बाबांना कागद वाचून दाखवताना जिथे मला कळत नाही तिथे थांबतो. ते म्हणतात, "काय झालं?" मी म्हणतो, "हे मला कळलं नाही." त्यांना ते आवडतं.

बाईंना मी फोन करायचो. आम्ही धड्यांबद्दल बोलायचो, माझ्या परीक्षेबद्दल बोलायचो. प्रभाकरबद्दल त्या काढत नसत, मीही नाही.

हा लेख मी इथवर लिहून ठेवला होता आणि शेवट कसा करावा या विचारात होतो. परवा वाचनालयात असताना यशोदाकाकूंचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करत नाहीत. मी घाबरून बाहेर जिन्यात आलो.

"काकू, बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत बापा. त्याहिचा भाऊ आला."

मी जिन्यातच बसलो. "कोण? प्रभाकर?"

"मले काय नाव माहीत? म्हातारा हाय, काठी हाय हातात. बदलीच्या गावाले, मंग पोराच्या घरी, असं फिरत फिरत पत्र भेटलं म्हणते त्याले. काल सकाळी आला."

"मग? काय चाललंय?"

"भांडून राहिले, अजून काय! तो म्हणते, तू आधी लिहाले पाहिजे होतं. ह्या म्हणते, मंग तू आला कायच्यावर, मीच तं लिहिलं. तो म्हणते, एवढ्या वर्षानं? कालपासून हेच. चहा दोन डाव थंडा झाला, आता तिसऱ्यांदा ठेवला मी."

मागे खरंच दोन आवाज ऐकू येत होते. एक बाईंचा होता, इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

"काकू, रडले नाहीत का दोघं?"

"रडतीन कवा गा?" काकू म्हणाल्या. "वेळच नाही भेटून राहिला त्याहिले."